गिळण्याचा कॅमेरा आणि मण्यांची ओळ

आतड्याची आतली बाजू प्रत्यक्ष पाहायची तर डॉक्टरच्या हातातली नळी आत जावी लागे; ही अट मोडली ती इस्रायली अभियंता गॅव्रिएल इद्दान आणि लंडनचे पोटविकारतज्ज्ञ पॉल स्वेन यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या, २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅमेरा-कॅप्सूलने. ती लहान आतड्यासाठी होती. मोठ्या आतड्यासाठीची कॅप्सूल २००६ मध्ये आली. हे आतडे रुंद असल्याने कॅप्सूल त्यात कलंडते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना कॅमेरे बसवावे लागले.

नळी टळली तरी पूर्वतयारी मात्र टळली नाही, उलट ती अधिक काटेकोर झाली. कारण राहिलेला मळ नळीतून पाणी सोडून धुता येतो, कॅप्सूलला ती सोय नाही, आणि म्हणून रोग्याला रेचकाचे काही लिटर द्रावण पिऊन आतडे पुरते रिकामे करावे लागते. त्यातून पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसल कोंब, दिसलाच तर तो काढायला शेवटी नळीच लागते. शिवाय आतड्याच्या क्षयाने मार्ग अरुंद झालेला असेल तर कॅप्सूल तिथेच अडकण्याचा धोका असतो, आणि भारतात हा क्षय काही दुर्मीळ नव्हे.

१९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, जिथे पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, तिथे अशा तपासणीसाठी दोनदा शहर गाठणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोगनिदानाचा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला, आणि तोच अधिक धीट प्रयोग म्हणावा लागेल. बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला पडणारे श्वास मोजावे लागतात, पण गावच्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येईलच असे नव्हते. तेव्हा मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ यांचे एक साधन तयार झाले, ज्यात दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी धोक्याचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांखालील अर्भकाचे श्वास मुळातच जलद असल्याने त्याची धोक्याची रेषा ५० ऐवजी ६० श्वासांची असते. निदान झाले की कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविकही प्रशिक्षित सुईण किंवा आरोग्य कार्यकर्ता तिथेच, गावात देत असे. या प्रयोगातून बालमृत्यू घटल्याचा अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, म्हणजे कॅमेरा-कॅप्सूल जगापुढे येण्याच्या दहा वर्षे आधी.