बुधवारचं माखंलेथ

यायचं तर बुधवारी या. मध्य वेल्समधल्या माखंलेथचा बाजार त्याच दिवशी भरतो. 1291 साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने पॉविसच्या सरदाराला तशी सनद दिली: दर आठवड्याला बाजार आणि वर्षाकाठी दोन जत्रा.

आता तुम्ही 1404 मध्ये आहात. पाय चिखलात रुततात, ओल्या लोकरीचा वास नाकात बसतो, आणि डवी नदीकडून येणारा वारा घोंगडीतूनही बोचतो. मेंढ्यांना कोपराने सारत पुढे जा. लोक भावताव सोडून कुजबुजताहेत, कारण ओवाइन ग्लिनदूरने इथे संसद बोलावली आहे. इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेला हा माणूस आता वेल्सचा राजपुत्र म्हणवून घेतो आहे. गावोगावचे प्रतिनिधी आलेत. स्कॉटलंड, फ्रान्स आणि कॅस्टीलचे दूतही आल्याचं सांगतात. एवढ्याशा गावात!

दोन वर्षांनी, जवळच्याच पेनालमधून तो फ्रान्सच्या राजाला पत्र लिहील. वेल्सचं चर्च स्वतंत्र हवं, उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक विद्यापीठ हवं. रणधुमाळीत विद्यापीठांचा विचार करणाऱ्या या माणसापुढे मला नेहमीच नतमस्तक व्हावंसं वाटतं. उठाव चिरडला गेला, पण तो शेवटपर्यंत इंग्रजांच्या हाती लागला नाही; त्याच्या माणसांनी त्याला धरून दिलं नाही. वेल्स विद्यापीठ उभं राहायला मात्र 1893 उजाडलं.

शतकं भराभर ओलांडा. 1863 मध्ये आगगाडी आली. 1874 च्या जुलैत चौकात घड्याळाच्या मनोऱ्याची पायाभरणी चालली आहे. लंडनडेरीच्या उमरावाचा मुलगा एकविसाचा झाला, त्याप्रीत्यर्थ. आज गावाची खूण म्हणून सगळे तोच मनोरा दाखवतात. मला विचाराल तर तो मान ग्लिनदूरचा.

1992 मध्ये गावाबाहेर, थोडं उत्तरेला, पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीत उतरा. ओसाड पडलेल्या या खाणीत 1973 पासून काही माणसं वारा, पाणी आणि ऊन यांच्यावर चालणारं जगणं उभं करताहेत. उभ्या कड्यावर त्यांनी नवी रेल्वे बसवली आहे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात. तो जड होऊन खाली निघतो आणि दोराने खालच्या डब्याला वर ओढतो. खालच्या डब्यात जागा आहे. बसा.