तारवांचे तेलपाणी

मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात लोटलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत उभे आहे. वाडिया घराण्यातील कारागिरांनी ते मलबारी सागवानातून घडविले. ओकच्या लाकडाची टंचाई पडल्यामुळे ब्रिटिश नौदलाला मुंबईकडे वळावे लागले, ही हकीकत पुष्कळांच्या परिचयाची आहे, आणि ती सांगताना सागवानाची स्तुती हटकून होते. ती रास्तच होय. सागाच्या गाभ्यात जात्याच तेल असते. वाळवी व कूज सहसा त्याच्या वाटेस जात नाहीत. तथापि पश्चिम किनाऱ्यावरील तारवांच्या दीर्घायुष्याचे सारे श्रेय सागाला देणे म्हणजे पहिलवानाच्या अंगकाठीचे कौतुक करून त्याची तालीम विसरण्यासारखे आहे.

कारण ऊन सागालाही सोडीत नाही. लाकडाचे तंतू एकत्र बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ उन्हातील अतिनील किरणांनी विघटित होतो, पावसाच्या सरी तो धुऊन नेतात आणि वरचा थर करडा व खरखरीत होतो. दिवसा वाळून आकसावे, ओल लागताच फुगावे, हा क्रम तर अखंड चालूच असतो. त्यातून फळ्यांना चिरा पडतात, सांधे उलतात. आणि समुद्रावर सांधा उलणे म्हणजे पाणी आत येणे.

यावरचा उपाय फार जुना आहे. इब्न जुबैर हा स्पेनमधील अरब प्रवासी ११८३ साली मक्केच्या वाटेवर तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरात होता. तेथील तारवांत खिळा म्हणून नव्हता. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवीत, आणि लाकूड व काथ्या हिंदुस्थान व येमेन येथून येई. शिवण पुरी झाली की तारवाला तूप, एरंडेल किंवा शार्क माशाचे तेल चोपडीत. त्यांत शार्कचे तेल सर्वोत्तम, असे त्याने नोंदविले आहे. कोकणात ज्याला मुशी म्हणतात तोच हा मासा. खडकांवर आपटून तारू फुटू नये म्हणून लाकूड लवचिक ठेवावयाचे, हा त्याने सांगितलेला हेतू. त्यात आज एवढी भर घालता येते की, तूप व एरंडेल ओशट ते ओशटच राहतात, पण माशांची तेले जवसाच्या तेलाप्रमाणे, जरी त्याच्याइतकी नव्हे, तरी हवेतील प्राणवायू घेऊन दाट होतात व लाकडाला धरून राहतात. रसायनशास्त्र जन्मण्यापूर्वी खलाशांनी केलेली ही पारख खचितच नवलाची आहे.

पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ओर्मुझ येथे माशाचे तेल चोळलेली शिवण तारवे पाहिली. ती त्याला मुळीच आवडली नाहीत! हिंदुस्थानाकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांविषयी मात्र तो सांगतो की, डांबराच्या अभावी त्यांना चुना, बारीक कापलेला ताग आणि झाडाचे तेल एकत्र कुटून लेप देत.

कोकणच्या कारागिराला झाडांची तेले घराजवळच मिळत. किनाऱ्यावर आपोआप वाढणाऱ्या उंडीच्या बियांचे तेल दिव्यातही जळे आणि होडीलाही लागे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर काजू आला, आणि त्याच्या टरफलाच्या तेलाची त्यात भर पडली. हे तेल अंगावर पडले तर फोड येतात. ज्या तिखटपणाने माणसाला इजा होते, त्यानेच किडीलाही दूर ठेवले. राळ पाणी अडविते, परंतु नुसती लावली तर उन्हात तडकते; म्हणून ती तेलात कढवावयाची. पाण्याखालच्या भागाला उन्हापेक्षा लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचे भय अधिक, तेथे चुना व चरबी यांचा जाड थर दिला जाई.

परंतु यांतला कोणताही लेप कायमचा नव्हे. तो झिजावयाचाच, व पुन्हा द्यावयाचाच. ही सवड मोसमी पावसाने आपोआप दिली. समुद्र खवळण्यापूर्वी गलबते वर ओढून शाकारीत आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास दुरुस्ती व तेलपाणी करून ती पुन्हा पाण्यात लोटीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराची छावणी पावसाळ्याआधीच किल्ल्याच्या आश्रयाने करावी, अशी ताकीद आहे. राज्यकर्त्यालाही हे वेळापत्रक पाळावे लागे.

एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशाचे स्वस्त डांबर आले, पुढे रासायनिक रंग व फायबरच्या होड्या आल्या, आणि वर्षाकाठी तेल लावणारे हात कमी झाले. म्हणूनच गोव्यात बांधलेल्या आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या शिवण जहाजाचे महत्त्व निराळे आहे. त्याचा आराखडा पाचव्या शतकातील अजिंठ्याच्या एका चित्रावरून बेतला. चित्रात जहाजाचा घाट आहे, शिडे आहेत; फळ्यांच्या सांध्यांत काय भरले होते, ते त्यात दिसत नाही. काथ्याची शिवण आणि राळेचा लेप यांसाठी केरळच्या कारागिरांना बोलवावे लागले.