मक्तेदारी एक, इंग्रजी शब्द अनेक

बाजारात स्पर्धा नसली की मराठीत आपण सरसकट 'मक्तेदारी' म्हणतो. इंग्रजीत या स्थितीच्या प्रत्येक छटेला वेगळा शब्द आहे. खानदेशचा कापूस आणि दीपनगरच्या वीज केंद्रात जळणारा कोळसा यांच्या व्यवहारांतून हे भेद स्पष्ट होतात.

मोनोपॉली : विक्रेता एक, ग्राहक अनेक. ग्रीक भाषेत 'मोनोस' म्हणजे एक आणि 'पोलेइन' म्हणजे विकणे.

नॅचरल मोनोपॉली : एकाच गावात दोन कंपन्यांनी समांतर वीजतारा ओढणे परवडत नाही, तेथे मक्तेदारी स्वाभाविक ठरते. म्हणूनच विजेचे दर नियामक आयोग ठरवितो.

मोनोप्सनी : विक्रेते अनेक, खरेदीदार एक. जोन रॉबिन्सन यांच्या १९३३ मधील ग्रंथामुळे हा शब्द रूढ झाला. १९७२ मध्ये सुरू झालेली राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना हे त्याचे ठळक उदाहरण. २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना मुभा मिळेपर्यंत शेतकऱ्याने कापूस शासकीय यंत्रणेलाच विकावा, असा कायदा होता.

ऑलिगोपॉली आणि कार्टेल : मोजक्या विक्रेत्यांचा बाजार म्हणजे ऑलिगोपॉली. त्यांनी संगनमताने दर ठरविले की ते कार्टेल होते. पहिली केवळ स्थिती आहे, दुसरा कायद्याने निषिद्ध व्यवहार.

डॉमिनन्स आणि अब्यूज ऑफ डॉमिनन्स : सर्वांत महत्त्वाचा भेद येथे आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार वर्चस्व असणे हा दोष नव्हे. त्याचा गैरवापर हा दोष होय. दीपनगर केंद्र चालविणाऱ्या महानिर्मितीने कोळसापुरवठ्याच्या अटींविषयी कोल इंडियाविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली होती. अटी एकतर्फी असल्याचे ठरवून आयोगाने २०१३ मध्ये १,७७३ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने तो आदेश २०१६ मध्ये रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी पाठविले. २०१७ च्या नव्या आदेशात दंड ५९१ कोटींवर आला. सरकारी कंपनीलाही हा कायदा लागू होतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

शब्दांचा हा काटेकोरपणा निरर्थक नाही. कोळशाचा वाढीव खर्च इंधन समायोजन आकाराच्या रूपाने अखेर ग्राहकाच्या वीजबिलात उतरतो. 'ते मोठे आहेत' या तक्रारीवर कायदा काही करू शकत नाही. 'मोठेपणाच्या बळावर त्यांनी अन्याय्य अट लादली' हे सिद्ध झाले, तरच दाद मिळते.