कोयनेनं किती सोडलं?

माझं आजोळ कृष्णाकाठचं, सांगलीच्या वरच्या अंगाला. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे फोन लावला की ख्यालीखुशालीच्या आधी मामा आकडा सांगतो. "आज कोयनेनं पन्नास हजार सोडल्यात." मग तब्येती, मग बाकीचं.

पुण्यात बसून पन्नास हजार म्हणजे किती ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हे शाळेत पाठ केलेलं. एक लाख क्युसेक दिवसभर सलग वाहिले तर साधारण साडेआठ टीएमसी होतात, हा गुणाकार पुढे कधीतरी कागदावर करून बघितला. मामाला असल्या गुणाकाराची गरज पडत नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे. एवढं सोडलं की नदीवरची मोटार वर काढायची, तेवढं सोडलं की जनावरं हलवायची, आणि त्यापुढे गेलं की माणसं.

मोटार काढणं हा काय प्रकार आहे, ते नदीकाठी राहिल्याशिवाय समजत नाही. उसाला पाणी द्यायचं तर मोटार नदीच्या जवळ हवी, आणि पाणी खाली गेलं की तीही खाली सरकवावी लागते. मग धरणातून विसर्ग वाढवणार असा सांगावा येतो, तोही बरेचदा रात्री. चार माणसं, दोर, बॅटर्‍या, गुडघाभर चिखल. पाइप सोडवायचे, केबल गुंडाळायची. एखाद्या वर्षी हे तीन-चार वेळा होतं. पेपरात मात्र 'नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा' एवढीच ओळ येते!

कृष्णेला पूर काही धरणांनी शिकवला नाही. 1914 आणि 1916 चे पूर सांगलीकर अजून सांगतात. आयर्विन पूल झाला 1929 साली, आणि तेव्हापासून सांगलीला पूर मोजायला एक हक्काची पट्टी मिळाली. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. आजी सांगायची, पहिलं तांबडं पाणी आलं की बाया ओटी भरायला जायच्या, आणि जाणती माणसं पाण्याचा रंग आणि वाहत येणारा काडीकचरा बघून वर कुठे पाऊस झालाय त्याचा अंदाज बांधायची. तो अंदाज चुकायचाही. पण ज्या गोष्टीवरून बांधायचा ती गोष्ट डोळ्यांसमोर होती.

मग कोयना आली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी अडवायला लागले. इथे एक गोष्ट विसरली जाते, की हे धरण पूर अडवायला बांधलेलं नाही. ते विजेसाठी बांधलंय. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीला न्यायचं, वीज करायची आणि वाशिष्ठीत सोडून द्यायचं. पूर्वेकडच्या मूळ नदीला काय, तर पायथ्याच्या वीजगृहातून सुटणारं पाणी आणि पावसाळ्यात दरवाजांवरून येणारं. आता उन्हाळ्यात त्या पायथ्याच्या पाण्याकडे ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या उपसा योजना डोळे लावून बसलेल्या असतात. मे महिन्यात जे गाव पाणी सोडा म्हणून मोर्चा काढतं, तेच गाव ऑगस्टमध्ये सोडू नका म्हणून हात जोडतं. यात विसंगती काही नाही. धरण एकच, दरवाजा एकच, मागणारेही तेच.

अडचण खरी आहे ती भरण्याच्या वेळापत्रकात. वीज, शेती, पिण्याचं पाणी या सगळ्यांसाठी पावसाळा संपताना धरण काठोकाठ हवं. पुरासाठी मात्र ते भर पावसात थोडं रिकामं हवं. कोयनेची क्षमता 105 टीएमसी, पण धरण ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरत आलं की ती क्षमता पुराच्या कामाची राहत नाही. त्यानंतर वरून जेवढं येईल तेवढं खाली सोडायचं. आणि त्याच दिवसांत कण्हेर, उरमोडी, धोम, वारणा यांचंही हेच चाललेलं असतं. शिवाय धरणांच्या खाली जो पाऊस पडतो, त्याला तर कुठलाच दरवाजा नाही.

म्हणून मला 'कोयनेनं बुडवलं' हे एका वाक्यातलं उत्तर पटत नाही. धरण पाणी निर्माण करत नाही. जागा असेपर्यंत ते पूर कमी करतं, हेही खरं. मधली कित्येक वर्षं लहानसहान पूर त्यानं गिळलेसुद्धा असणार, आणि बहुधा त्याच भरवशावर सांगलीत शामरावनगरसारख्या सखल भागात घरं उभी राहिली. पण कुठल्या तारखेला किती जागा ठेवायची हा निर्णय माणसांचा असतो, आणि तो घेताना खालच्या गावाला कोणी विचारत नाही. विचारायची पद्धतच नाही.

2005 च्या जुलैअखेर पाणी आलं ते आजोळच्या घरात कमरेपर्यंत. तेव्हा सगळा राग अलमट्टीवर होता. कर्नाटकातलं धरण, नुकतंच भरायला लागलेलं, फुगवटा सांगलीपर्यंत येतो असं घरोघरी बोललं जायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. त्या पुरात अलमट्टीतून पाच लाखांच्या पुढे विसर्ग गेला. नंतर राज्य सरकारच्या वडनेरे समितीनं अलमट्टीमुळे पूर आला नाही असा निष्कर्ष दिला. मामाला तो अजून मान्य नाही. मी वाद घालत नाही. दोनदा घर धुऊन काढलेल्या माणसापुढे समितीचा अहवाल काय वाचायचा?

मला खटकतो तो एक शब्द, किंवा त्या शब्दाचं नसणं. धरणाच्या वर ज्याची जमीन गेली तो 'धरणग्रस्त'. हा शब्द फुकट मिळालेला नाही. 1921 च्या मुळशी सत्याग्रहापासून त्यासाठी माणसं झगडली, 1976 साली महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा केला, आणि एवढं होऊनही कोयनेच्या विस्थापितांची परवड संपली नाही. पण निदान शब्द आहे, कायदा आहे, मागणी कुठे करायची ते माहीत आहे. धरणाच्या खाली ज्याचा ऊस आठ दिवस पाण्यात राहून कुजला, तो नुसता 'पूरग्रस्त'. म्हणजे निसर्गानं ग्रासलेला. त्याला मदत मिळते, भरपाई नाही. 2021 चा धरण सुरक्षा कायदा आला तेव्हा मी त्यातली व्याख्या मुद्दाम काढून वाचली. धरण 'निकामी' झालं असं कधी म्हणायचं, तर पाणी अनियंत्रितपणे सुटलं तर. दरवाजे नियमाप्रमाणे उचलून, नोंद करून सोडलेलं पाणी त्यात बसत नाही. ते बरोबर चाललेलं धरण!

आणि नदीकाठच्या जमीनमालकाला सरकार ओळखतं ते पूररेषेवरून. पंचवीस वर्षांतून एकदा येणार्‍या पुराची निळी, शंभर वर्षांतल्याची लाल. निळीच्या आत बांधकाम नाही. नियम योग्यच आहे, पण ज्यांच्या तीन पिढ्या तिथेच नांदल्या त्यांच्या जमिनीची किंमत त्या रेषेनं एका दिवसात उतरते.

असो. मामाचं नुकसान या कुठल्याच हिशेबात येत नाही. पूर ओसरताना विसर्ग झपाट्यानं कमी केला की नदी भराभर उतरते, पण काठाची माती आतून ओली, जड राहते. बाहेरून पाण्याचा आधार गेला की ती ढासळते. 2019 नंतर त्याच्या मळीचा एक पट्टा असा तुकड्या-तुकड्यानं नदीत गेला, कडेच्या दोन बाभळींसकट. सातबारा मात्र जसाच्या तसा आहे. गेल्या दिवाळीत आम्ही दोघं काठावर उभे होतो, तेव्हा त्यानं पाण्यात हात करून मला बांध दाखवला. "तिथपर्यंत आपलंय बघ," म्हणाला. तिथे एक जण तराफ्यावर बसून मासे धरत होता.