शिलकेचा अर्थ : गोखल्यांच्या कलकत्त्यातील भाषणांची मांडणी

मराठी वक्तृत्वाचा इतिहास लिहिणारे बहुधा वाणीपाशीच थांबतात. शिवराम महादेव परांजप्यांची वक्रोक्ती, टिळकांच्या बोलण्यातील रोखठोकपणा यांची वर्णने विपुल आहेत. भाषणात कोणता मुद्दा आधी यावा, कोणता मागून यावा आणि तो तसाच का यावा, या प्रश्नाची चिकित्सा मात्र क्वचितच झालेली दिसते. या उपेक्षेचे एक कारण उघड आहे. मांडणीच्या कसोटीस पुरेपूर उतरणारी भाषणे ज्या मराठी माणसाने केली, त्याने ती इंग्रजीत केली, आणि तीही पुण्यात नव्हे तर कलकत्त्यात. गोपाळ कृष्ण गोखले यांची वरिष्ठ कायदेमंडळातील भाषणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी वाचली, राजकारणाच्या इतिहासकारांनी वाचली. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ती आपल्या कक्षेबाहेरची मानली. हा समज तपासून पाहणे अवश्य आहे.

मन वळविणाऱ्या भाषणाची रचना कशी असावी, याचा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. न्यायशास्त्राने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे अनुमानाचे पाच अवयव सांगितले. मीमांसकांनी अधिकरणात पूर्वपक्षाला स्वतंत्र स्थान दिले आणि तो नीट मांडून झाल्यावाचून सिद्धान्ताकडे वळू नये, असा दंडक घातला. कीर्तनकाराने पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ठेवून श्रोत्याला आधी पटवावे व मग हलवावे, ही रीत महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडली. ग्रीक-रोमन शास्त्रकारांनी केलेले प्रस्तावना, कथन, सिद्धी, खंडन आणि उपसंहार हे भागही याहून फार दूरचे नाहीत. या साऱ्या रचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: ऐकणाऱ्याला निर्णय करावयाचा आहे आणि वक्ता तो निर्णय आपल्या बाजूस वळवू शकतो.

गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलावयास उभे राहिले, तेव्हा नेमके हेच गृहीत खोटे होते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा दिली होती. ठराव मांडण्याचा अगर मत देण्याचा अधिकार दिला नव्हता. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय कर्झन, समोर अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ, आणि भोवती सरकारी बहुमत. भाषणाने अंदाजपत्रकातील एक आकडाही बदलणार नव्हता. अशा ठिकाणी वक्ता एक तर गाऱ्हाणे गातो, नाही तर स्तुतिपाठ म्हणतो. गोखल्यांनी तिसराच मार्ग काढला.

त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती आणि इतर सभासद अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. आपल्याला या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही, एवढे सौम्य शब्दांत सांगून गोखल्यांनी आरंभ केला. लागोपाठ दुष्काळ पडलेल्या, प्लेगने पोखरलेल्या देशात सरकारजवळ इतका पैसा उरतो, याचा अर्थ प्रजेची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा काही मेळ उरलेला नाही, ही त्यांची प्रतिज्ञा. प्रतिपक्षाचा अभिमानाचा विषय त्यांनी नाकारला नाही; तो जसाच्या तसा उचलला आणि आरोपाचा पुरावा म्हणून पुढे ठेवला. संपूर्ण भाषणाची मांडणी या एका उलटापालटीवर उभी आहे.

प्रतिज्ञेनंतर मागणी येईल असे वाटते, पण ती येत नाही. येते ती कारणमीमांसा. रुपयाचा भाव घसरत गेल्याने विलायतेस पाठवावयाच्या रकमांचा बोजा वाढला. तो भागविण्यासाठी १८८५ नंतर कर वाढविण्यात आले, १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. पुढे तेरा पेन्सांपर्यंत उतरलेला रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला. तूट गेली, कर मात्र राहिले. म्हणजे ही शिल्लक म्हणजे समृद्धीची खूण नव्हे. कारण संपल्यावरही चालू ठेवलेल्या वसुलीचा तो साठा होय. येथवर श्रोता आला की मिठाचा कर कमी करा, प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर न्या, या मागण्या मागण्या वाटतच नाहीत. हिशेबाची शेवटची ओळ वाटतात. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविलेल्या आणि अंकगणिताचे क्रमिक पुस्तक लिहिलेल्या माणसाची ही रीत आहे. आकड्यांच्या मागे सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी यांचे परिश्रम होते आणि विचारपद्धतीच्या मागे न्यायमूर्ती रानड्यांची शिकवण होती, हे खरे. क्रम मात्र गोखल्यांचा स्वतःचा.

आज त्याच शहराच्या पूर्वेस वसलेल्या न्यू टाउनमधील संमेलनगृहांत वक्त्याच्या पाठीशी पडदा असतो आणि आकडे त्यावर उजळतात. गोखल्यांजवळ श्रोत्याचा कान तेवढा होता. प्रत्येक आकडा मागच्या आकड्यातून निघाल्यासारखा वाटला तरच तो कानात टिकतो. म्हणूनच या भाषणातील क्रम ही सजावट नाही, तो स्मरणाचा आधार आहे.

१९०३ मध्ये मिठाचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजार रुपये झाली. हे एकट्या भाषणाचे फळ असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; कर कमी करण्याइतकी शिल्लक सरकारपाशी होतीच. तथापि ज्या सभेत मत नव्हते तेथे केलेल्या मागण्या मान्य झाल्या. आणि जेथे मत होते तेथे काय झाले?

१९०९ च्या सुधारणांनी सभासदांचे अधिकार वाढविले. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात सक्ती होती ती फार जपून घातलेली: स्थानिक संस्थेने सरकारच्या संमतीने आपण होऊन स्वीकारावयाची, आणि प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आरंभ करून १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण नेले होते, हे उदाहरण हाताशी होते. १८ मार्च १९१२ रोजी विधेयक निवड समितीकडे पाठवावे असा प्रस्ताव त्यांनी मांडला, त्या वेळच्या भाषणाची घडण मात्र १९०२ च्या अगदी उलट आहे. येथे बराच भाग आक्षेपांना वाहिलेला आहे: प्रांतिक सरकारांचे अभिप्राय, खर्चाची भीती, सक्तीविषयीचा संशय. मीमांसकाच्या निष्ठेने प्रत्येक पूर्वपक्ष मांडला गेला, प्रत्येकास उत्तर मिळाले. परंतु आक्षेपांमागून आक्षेप घेत चाललेल्या भाषणाचा क्रम शेवटी आक्षेपकच ठरवितात. १९०२ मध्ये शिल्लक या एका वस्तूभोवती सर्व काही फिरत होते; १९१२ मध्ये तसा मध्यबिंदू सापडत नाही. खंडन म्हणून हे भाषण निर्दोष आहे, रचना म्हणून पहिल्याहून उणे आहे.

दुसऱ्या दिवशी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. अधिक चांगल्या मांडणीने हे आकडे फिरले असते असे नव्हे. सरकारी मते आधीच ठरलेली होती आणि काही भारतीय सभासदही विरोधात होते. गोखल्यांना हे ठाऊक होते, आणि त्यांनी ते बोलून दाखविले. आपल्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करावयाची आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ते उद्गार सर्वांच्या स्मरणात राहिले आणि त्यांच्या आधीचे काळजीपूर्वक रचलेले खंडन विस्मृतीत गेले, ही घटनाच त्या भाषणाच्या रचनेवरील टीका आहे.

आता कक्षेच्या प्रश्नाकडे वळता येईल. ही भाषणे मराठीत नाहीत, म्हणून त्यांचा मराठी गद्याशी संबंध नाही, हा युक्तिवाद भाषेपुरता खरा आहे, विचाराच्या वळणापुरता नाही. पुण्यात रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, सार्वजनिक सभेचे त्रैमासिक, हिशेब मांडून गाऱ्हाणे सिद्ध करण्याची सभेची सवय, यांतून हे वळण तयार झाले. बर्कचा प्रभाव गोखल्यांवर होता, हे आवर्जून सांगितले जाते. पण शिल्लक दाखवून दारिद्र्य सिद्ध करण्याची युक्ती बर्ककडून आलेली नाही.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी निवर्तले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला तो १९१८ मध्ये. स्थानिक संस्थेने आपण होऊन सक्ती स्वीकारावी, हे गोखल्यांच्या विधेयकातील तत्त्व त्यात कायम होते.