धाग्यानें ऐकलेलें हृदय

वस्त्र हा मनुष्याचा सर्वांत जवळचा सोबती. जन्माच्या पहिल्याच घटकेस दुपट्याच्या रूपानें तें आपल्याला कवटाळतें आणि अखेरच्या प्रवासांतहि साथ सोडीत नाहीं. थंडीवाऱ्यापासून रक्षण करावें, लज्जा राखावी आणि शोभा वाढवावी, एवढींच कामें आजवर आपण त्याच्याकडे सोंपविलीं होतीं. गेल्या तीस वर्षांत मात्र त्याच्यावर आणखी एक काम येऊन पडलें आहे. तें म्हणजे नेसणाऱ्याच्या प्रकृतीवर नजर ठेवण्याचें. हृदयाचे ठोके, श्वासाची गति, अंगाची ऊब यांची नोंद घेणारीं वस्त्रें आज विणलीं जातात. हें नवल एका रात्रींत घडलेलें नाहीं. त्यामागें सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरांत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह पसरतो. त्वचेवर त्याचा दाब जेमतेम एक सहस्रांश व्होल्ट भरतो. १८८७ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत ऑगस्टस वॉलर यांनीं पाऱ्याच्या एका नाजूक नळीच्या साह्यानें मनुष्याच्या हृदयाचा हा प्रवाह प्रथम टिपला. पुढें ते आपल्या जिमी नांवाच्या बुलडॉगलाच लोकांपुढें उभा करीत. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत. १९०९ सालीं रॉयल सोसायटींत हा प्रयोग झाला, तेव्हां कुत्र्याचा छळ झाला कीं काय, असा प्रश्न पार्लमेंटांत निघाला. ज्यानें कधीं समुद्रांत पाय बुडविले असतील त्याला जिमीला काय वाटलें असेल हें समजेल, अशा अर्थाचें मार्मिक उत्तर गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनीं दिलें.

तें मिठाचें पाणी आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढचा सारा इतिहास त्याच्याभोंवतीं फिरतो. कोरडी त्वचा विजेला सहजासहजीं वाट देत नाहीं. शरीर आणि तार यांच्यामध्यें कांहीं तरी ओलें व खारें असावें लागतें. हॉलंडांतील लायडन येथें विलेम आइंथोव्हेन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं जें यंत्र सिद्ध केलें, त्यालाहि हा नियम चुकला नाहीं. रोगी खुर्चींत बसे आणि त्याचे हातपाय खाऱ्या पाण्याच्या पात्रांत सोडलेले असत. यंत्राचें वजन सुमारें २७० किलो, आणि तें चालवावयास पांच माणसें लागत! परंतु या अवजड यंत्राचा प्राण होता एका धाग्यांत. गारेचा दगड वितळवून काढलेला, केसाहूनहि बारीक आणि रुप्याचा मुलामा दिलेला तो धागा बलवान विद्युच्चुंबकाच्या ध्रुवांमध्यें ताणलेला असे. हृदयाचा प्रवाह त्यांतून वाहूं लागला कीं तो हले, आणि त्याची छाया फोटोच्या सरकत्या पट्टीवर उमटे. तोच आपला कार्डिओग्राम. यंत्र रुग्णालयांत नेणें अशक्य, म्हणून १९०५ सालीं आइंथोव्हेन यांनीं दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयांतून रोग्याचे संकेतच टेलिफोनच्या तारेनें आपल्या प्रयोगशाळेंत आणले. १९२४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

तरी एक उणीव राहिलीच. हृदयाचा विकार पुष्कळदां चोरासारखा वागतो. घरीं जिना चढतांना छाती धडधडते, आणि डॉक्टरांच्या मेजावर निजविलें कीं हृदय शहाण्यासारखें चालूं लागतें. ह्या चोराला त्याच्याच वाटेवर गांठावयाचें, तर यंत्रानेंच रोग्याबरोबर हिंडलें पाहिजे. अमेरिकेंतील माँटाना राज्यांतले नॉर्मन होल्टर यांनीं १९४० नंतरच्या दशकांत सुमारें ८५ पौंडांचें यंत्र स्वतःच्या पाठीवर बांधून आपल्या हृदयाचे संकेत बिनतारी मार्गानें पाठविले. पुढें तें यंत्र लहान होत गेलें, आणि दिवसभराची नोंद घेणाऱ्या उपकरणास आज जगभर होल्टर यांचेंच नांव आहे. १९६१ सालीं गागारिन आणि शेपर्ड अंतराळांत गेले ते हृदयाची वार्ता पृथ्वीवर धाडीतच. १९७१ सालीं चंद्रावर उतरून यानांत परतलेल्या जेम्स आयर्विन यांच्या हृदयाची लय बिघडलेली सुमारें अडीच लाख मैलांवरील डॉक्टरांना दिसली. परंतु या सर्वांच्या अंगावर चकत्या चिकटवाव्या लागत. वस्त्र अजून मुकेंच होतें.

त्याला वाचा फुटली ती रणभूमीच्या गरजेनें. जखमी सैनिकाला पहिल्या तासांत उपचार मिळाले तर तो वांचण्याचा संभव पुष्कळ. पण कोण कोठें पडला आणि कोणाची जखम गंभीर, हें कळावें कसें? अमेरिकेच्या नौदलानें हा प्रश्न पुढें मांडला. १९९६ सालीं अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेंत, मद्रास विद्यापीठांत शिकलेले सुंदरेसन जयरामन आणि त्यांच्या सहकारी सुंगमी पार्क यांनीं त्याचें उत्तर मागावर शोधलें. त्यांच्या सदऱ्यांत प्रकाशवाहक तंतु मळसूत्री वळणांनीं विणलेला होता. गोळीनें तो तुटला कीं प्रकाश खंडित होई आणि जखमेची जागा कळे. दुसरे विद्युद्वाहक धागे हृदय व श्वास यांची वार्ता वाहून नेत. तंतु कोठेंहि कापला जाऊं नये म्हणून बाह्यांसाठीं कापड न कापतां सदरा मागावरच सिद्ध केला, हें त्यांतलें खरें कौशल्य.

ज्यांनीं पैठणीची जर पाहिली आहे, त्यांना असा धागा परका वाटणार नाहीं. रेशमाभोंवतीं रुप्याची चपटी तार गुंडाळून जर होते; या वस्त्रांत बहुधा नायलॉनवर रुप्याचा पातळ थर चढवितात. श्वासाबरोबर छाती फुगली कीं विणीचा पट्टा ताणला जातो आणि त्याचा विद्युत्‌रोध बदलतो. आणि तें मिठाचें पाणी? तें आतां बाहेरून आणावें लागत नाहीं. नेसणाऱ्याचा घाम हेंच तें खारें पाणी! अंग कोरडें असेल तर संकेत अस्पष्ट येतो आणि घाम फुटला कीं सुधारतो. वॉलरची भांडीं जणूं त्वचेवरच येऊन राहिलीं आहेत.

तथापि हीं वस्त्रें अद्याप घरोघरीं पोंचलेलीं नाहींत. शरीर हललें कीं कापड सरकतें आणि ठोक्यांत खोटे ठोके मिसळतात. वारंवार धुण्यानें रुप्याचा थर झिजतो. दरम्यान मनगटी घड्याळानें बाजी मारली, आणि २०१८ पासून तर घड्याळावर कार्डिओग्रामहि काढतां येऊं लागला. पण तो काढण्याची आठवण माणसाला व्हावी लागते. सदऱ्याला आठवण द्यावी लागत नाहीं. २०१९ सालीं कॅनडाचे अंतराळवीर डेव्हिड सेंट-जॅक यांनीं अंतराळस्थानकांत असाच सदरा अंगांत घालून पाहिला.

मात्र सारीच अडचण धाग्याची नाहीं. आइंथोव्हेन यांच्या खुर्चींत बसणारा रोगी उठून घरीं जाई, तेव्हां त्याचें हृदय पुन्हां त्याचें एकट्याचें होई. सदरा तसें होऊं देत नाहीं. सैनिकाचें हृदय सेनापतीनें वाचावें हें समजूं शकतें. पण कामकऱ्याचें हृदय मालकानें, किंवा विमेदाराचें हृदय विमा कंपनीनें वाचावें काय? भय, थकवा, झोंपमोड हें सारें ठोक्यांत उमटतें. भारतानें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्यांत संमतीला महत्त्वाचें स्थान दिलें, हें योग्यच झालें. परंतु पोटासाठीं दिलेली संमति कितपत खुषीची असते, हें कायद्याला नेहमींच ओळखतां येतें असें नाहीं. लज्जारक्षण हें वस्त्राचें फार जुनें काम. ज्या धाग्यानें हृदय ऐकावयाचें, त्यानेंच तें झांकूनहि ठेवलें पाहिजे. तें त्याला साधलें, तरच हें नवें वस्त्र आपण निःशंकपणें अंगांत घालूं.