शिळे अन्न

शिळे अन्न म्हणजे शिजवल्यानंतर रात्र उलटलेले अन्न. मुंबई उपनगरांत याविषयीचे आचार एकाच मजल्यावरील शेजाऱ्यांतही भिन्न आढळतात. मराठी घरांत रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी मिळते. घाटकोपर, मुलुंड येथील परंपरानिष्ठ जैन कुटुंबांत रात्र उलटलेले ओलसर अन्न ‘वासी’ म्हणून वर्ज्य असते. कोरडा खाखरा चालतो. गुजराती हिंदू घरांत मात्र श्रावण वद्य सप्तमीस, म्हणजे शीतळा सातमीला, शेगडी न पेटवता आदल्या दिवशी रांधलेलेच खातात.

भाताबाबत जैनांचा कटाक्ष विज्ञानाला जवळचा आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिल्यास ते रुजून जिवाणू वाढतात. त्यांचे वांतिकारक विष फोडणीने, ती कितीही खमंग असली तरी, नष्ट होत नाही. शिजलेले अन्न २ तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.